तुम्ही विचारलंत म्हणून: खरे किती, खोटे किती?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी परळ-शिवडीच्या मधल्या एका मंडळाच्या खोलीत बसते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. रेशन कार्डात सुनेचं नाव चढवायचं असतं, निराधारचा अर्ज असतो, म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचं श्रावणबाळ असतं, कुणाचा हयातीचा दाखला राहिलेला असतो. 2024 पासून लाडकी बहीण आहेच. हे कळलं की माणसं मला एकच प्रश्न विचारतात. लिफ्टमध्ये विचारतात, लग्नात जेवताना विचारतात, जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर विचारतात. "तुमच्याकडे येतात त्यातले खरे किती आणि खोटे किती हो? तुम्हाला तर कळत असेल."

विचारणारी माणसं वाईट नसतात. आयुष्यभर पगारातून कर कापून घेतलेली, माझ्यासारखीच असतात. आजवर मी "असतात थोडेफार" म्हणून विषय संपवत आले. या वेळी नीट उत्तर देते.

पहिल्यांदा फॉर्मबद्दल सांगायला हवं, कारण प्रश्न विचारणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच तो वाचलेला नसतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालची. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले अशांसाठी ती आहे. महिन्याला मिळतात 1500 रुपये. 2023 च्या आधी 1000 मिळायचे, त्याच्याही आधी 600. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1750. सगळ्या कुटुंबाचं मिळून. मुंबईत.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. समोरच्या टॉवरमध्ये दोन घरची भांडी घासतात, त्याचे पाच हजार मिळतात. गुडघे गेलेले, तिसरं घर धरवत नाही. कागद सगळे नीट प्लास्टिकच्या पिशवीत आणले होते, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्ससुद्धा. उत्पन्नाच्या रकान्याशी आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, काय लिहायचं इथे?" मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. व्हाउचरवर एक आकडा चुकला तर परत पाठवलं आहे. खरं लिहिलं तर वर्षाचे साठ हजार होतात आणि अर्ज तिथेच संपतो. मी त्यांना ते समजावून सांगितलं. एजंट काय लिहितात तेही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग राहू दे ताई. खोटं लिहिलं नि उद्या पकडलं तर वसूल करतील. माझ्याकडे काय आहे द्यायला?" पिशवी उचलून निघून गेल्या.

तुम्ही खऱ्यांचा हिशेब विचारता. त्या बाई कुठल्याही यादीत नाहीत. खरं बोलल्या म्हणून यादीत नाहीत. आणि ज्या यादीत आहेत, त्यांच्यातल्या कितीजणींना 1750 रुपयांत शिवडीत महिना काढता येतो? एकीलाही नाही. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवायचं तर माझ्या टेबलावरची जवळजवळ प्रत्येक बाई खोटी ठरेल. गरज विचाराल तर खोटी म्हणावी अशी मला क्वचितच भेटली.

रेशनचंही तसंच. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली आपल्याकडे शहरासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59 हजार ठेवली. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. तुमच्या सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन या मापाने श्रीमंत आहे. त्याच्या घरातल्या पाच माणसांना माणशी पाच किलो धान्य मिळत असेल तर तो कागदावर खोटा. त्यातून राज्याला ठरवून दिलेली संख्या सात कोटींची, तीही 2011 च्या जनगणनेवर बांधलेली. त्यानंतर मुलं जन्मली, सुना आल्या, कुटुंबं वेगळी झाली. ऑफिसात उत्तर मिळतं, "इष्टांक शिल्लक नाही." हा शब्द मी निवृत्त होईपर्यंत ऐकला नव्हता. आता दर शनिवारी ऐकते. कार्ड आहे, केशरी आहे, बारा अंकी नंबर आहे, पण धान्य नाही, कारण कुणीतरी मेलं किंवा कुणाचं नाव कापलं तरच जागा होणार. ज्यांचं नाव आहे त्यांच्यातल्याही काहींचा अंगठा मशीनवर उमटत नाही. वीस वर्षं भांड्यांची पावडर आणि फरशीचं फिनेल हाताळल्यावर बोटांवर रेषा राहत नाहीत. दुकानदार म्हणतो, उद्या या. उद्या यायचं म्हणजे कामावर खाडा.

आता खोट्यांचं. आहेत. मी डोळ्यांनी पाहिलेत. 2024 च्या जुलैत एक बाई आल्या, दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, घरात गाडी. मी फॉर्म भरायला नकार दिला. त्या म्हणाल्या, "सगळेच घेतात, मग मीच का सोडू?" आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून भरून आल्या. त्यांना पैसे पडले. मला त्यांचा राग आला आणि आजही आहे. 14 हजारांवर पुरुषांनी लाडक्या बहिणीचे पैसे घेतले, दोन हजारांवर सरकारी नोकरीतल्या बायकांनी घेतले, हे सरकारनेच नंतर सांगितलं. ही चोरी आहे, तिला मी दुसरं नाव देणार नाही.

पण कालक्रम बघा. योजना 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर, दोन महिन्यांचे 3000 खात्यात. मतदान 20 नोव्हेंबरला. त्या दिवसांत अटी भराभर सैल होत होत्या: वयाची मर्यादा 60 ची 65 झाली, पाच एकर जमिनीची अट गेली, पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. यातल्या काही सुधारणा चांगल्याच होत्या, मी त्यांचा फायदा लोकांना करून दिला. पण तपासणी नावाची गोष्ट नव्हती. विरोधकांनीही योजनेला नावं ठेवत ठेवत जाहीरनाम्यात 3000 लिहिले, सत्ताधाऱ्यांनी 2100 चा शब्द दिला. निवडणूक झाली आणि मग चाळण आली. 2025 च्या जुलैत कळलं की 26 लाखांवर जणांचे पैसे थांबवलेत. तपासायचं ज्यांच्या हातात होतं त्यांनी ते वेळेवर तपासलं नाही, आणि संशय मात्र घरोघरी धुणंभांडी करणाऱ्या बायकांच्या वाट्याला आला.

त्याच वर्षी केवायसी आली. नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर टाका, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. नवरा सोडून गेला बारा वर्षांपूर्वी, वडील गावी वारले, अशी बाई ओटीपी कुणाकडे मागणार? पुढे अशा बायकांसाठी कागद जमा करण्याची सोय केली, मुदतही वाढवली. मधले ते आठवडे मात्र माझ्या खोलीतल्या बायका मोबाइल हातात धरून एकमेकींकडे बघत बसायच्या. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईंचा नवरा घरीच होता. त्यांचा ओटीपी एका मिनिटात आला.

"पण फुकटची सवय लागते ना माणसाला?" हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पाठोपाठ येतो. पंतप्रधानांनी जुलै 2022 मध्ये 'रेवडी' हा शब्द वापरला, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तो बसला आहे, आणि रेवडी न वाटणारा एकही पक्ष राहिलेला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तर शहरी बेघरांच्या खटल्याच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयातून असा सवाल आला की यातून आपण परजीवींचा वर्ग तयार करतो आहोत का. शेतावर मजूर मिळत नाहीत, हेही तिथे बोललं गेलं. महिन्याचे 1500 म्हणजे दिवसाचे पन्नास. दिवसाच्या पन्नास रुपयांसाठी काम सोडलेली एकही बाई मला भेटलेली नाही. त्या शनिवारी दुपारीच येतात, कारण सकाळची दोन घरं आणि संध्याकाळचं एक घर यांच्या मध्ये तेवढाच वेळ असतो. पैसे कुठे जातात ते मी विचारलेलं नाही, त्या आपण होऊन सांगतात: सिलिंडर, मुलाच्या क्लासची फी, भिशीचा हप्ता. एकीचे पहिल्या तीन हजारांतले साडेआठशे बँकेने खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडापोटी कापून घेतले होते. मी स्वतः बँकेतली, मला मान वर करून तिच्याकडे बघता येईना.

मी 1983 साली नोकरीला लागले. वडील गिरणीत होते, संप फसलेला, घरात पगार माझा एकटीचा. पहिल्या पगाराच्या स्लिपवर एक कपात होती, 'व्यवसाय कर'. शेजारच्या टेबलावर युनियनचे एक ज्येष्ठ सहकारी बसायचे. मी त्यांना विचारलं, हे कशाचे? ते म्हणाले, "पोरी, ही दुष्काळातल्या माणसाची मजुरी आहे. हे कापतात ते रोजगार हमीला जातात." मला ते लगेच समजलं, कारण माझी मावशी माणदेशात 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची आणि तिथे मिळालेली सुकडी घरी पोरांना आणायची. वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेचा 1977 मध्ये कायदा झाला, आणि तिच्यासाठी 1975 मध्येच राज्यातल्या पगारदारांवर हा कर बसवला होता. काम मागितलं की पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. हजेरीपटावर खोटी नावं तेव्हाही असत, त्यावर वर्तमानपत्रांत रकाने भरून यायचे. पण आमच्या बँकेत कुणी मावशीसारख्या बायकांना फुकट्या म्हटलेलं मी ऐकलं नाही. व्यवसाय कर आजही कापतात, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. तो कशासाठी सुरू झाला हे तरुणांपैकी कुणाला ठाऊक नसतं.

त्या योजनेच्या नावातच 'हमी' होती. हमी मागता येते, नाही मिळाली तर जाब विचारता येतो. आता शब्द आहे 'ओवाळणी'. देणारा भाऊ, घेणारी लाडकी बहीण. ओवाळणी किती आणि कधी, हे भावाच्या मनावर. ऑगस्ट 2024 मध्ये अमरावतीकडच्या एका आमदारांनी भर सभेत सांगितलंच की आशीर्वाद दिला नाही तर 1500 परत घेईन. मागाहून ते गमतीने बोललो म्हणाले. माझ्याकडच्या बायकांना ती गंमत वाटली नाही. तीन-चार जणी पुढच्या शनिवारी विचारायला आल्या की खरंच काढून घेतात का. मला वाटतं, तुमचा प्रश्नही इथूनच येतो. आपण भेट दिली असं वाटलं की घेणाऱ्याची लायकी बघावीशी वाटते. कापडं कसली नेसली, हातात मोबाइल कुठला, नखं रंगवली का.

माझी लायकी कुणी बघितली? बँकेने मला घरासाठी कर्ज दिलं ते स्टाफच्या दराने, बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी व्याजाने. वडिलांच्या चाळीतल्या खोलीचं भाडं भाडेनियंत्रण कायद्यामुळे वर्षानुवर्षं गोठलेलं होतं, आणि पुनर्विकासात भावाला त्या खोलीच्या बदल्यात एक पैसा न भरता फ्लॅट मिळाला, त्याची किंमत आज कोटीत आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत 2022 पासून मालमत्ता कर माफ झाला, त्यात माझंही घर बसतं. भाऊ पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून एसटीने गावी फुकट जातो. आमच्या घरात या सगळ्याला 'हक्काचं' म्हणतात, आणि ते हक्काचंच आहे, मी त्यातलं काही सोडणार नाही. पण यातल्या एकाही गोष्टीसाठी मला शनिवारी दुपारी अनोळखी बाईसमोर पिशवीतून नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढावा लागला नाही.

पिशवी उचलून गेलेल्या त्या बाई गेल्या वर्षी पुन्हा आल्या, शेजारणीला घेऊन. शेजारणीचा श्रावणबाळचा अर्ज होता, तिथेही तीच 21 हजारांची अट. तोवर मी एक गोष्ट सुरू केली होती. जे तयार होतील त्यांच्या अर्जात खरा आकडा लिहायचा, अर्ज द्यायचा आणि नाकारल्याचं पत्र लेखी मागून घ्यायचं. तोंडी "होणार नाही" ऐकून परत यायचं नाही. ही पत्रं जमवून मर्यादा वाढवण्याची मागणी सामाजिक न्याय विभागाकडे द्यायची. आमदारांच्या कार्यालयातही एक प्रत द्यायची. याने आज कुणाच्या हातात पैसे पडत नाहीत, हे मी प्रत्येकीला आधी सांगते. बऱ्याच जणी नको म्हणतात आणि एजंटकडे जातात, त्यांना मी दोष देत नाही.

त्या बाईंनी ऐकून घेतलं आणि शेजारणीचा फॉर्म झाल्यावर आपली पिशवी पुढे केली. कागद तेच होते, झेरॉक्स तेवढ्या नव्या. उत्पन्नाच्या रकान्यात मी 60,000 लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि विचारलं, "नाही म्हणतील ते पत्र माझ्या घरच्या पत्त्यावर येईल ना, ताई?" महिन्या-दीड महिन्याने आलं. माझ्या फाइलमध्ये ते अकरावं आहे.