परतीचा पाऊस आणि आमचा तबेला

नागावात दुपारपासून गडगडतंय. हा ऑक्टोबरचा पाऊस भातालाही नडतो आणि घोड्यांनाही. पत्र्यावर सर आली की राजा कान मागे टाकून भिंतीला चिकटतो. राणी मात्र ढिम्म, तोंड कोंड्यात!

संध्याकाळी सगळे खूर उचलून चिखल काढला. तळाच्या खाचेला कुजका वास आला तर समजायचं, खूर सडायला लागलाय. राजाच्या मागच्या पायाला जरासा आलाच. साफ करून, पुसून कोरड्यात उभा केलाय. भिजलेला पेंढा सरळ बाहेर टाकला. घोड्याला ओकता येत नाही, बुरशीचं काही पोटात गेलं तर जीवावर बेततं.

शेजारचे काका म्हणतात, "एवढ्याशा पावसाला काय घाबरतेस?" काका, २००९ चं फयान वादळ नोव्हेंबरातच आलं होतं ना? पत्रे तारेने आवळलेत. लाईट गेलीच आहे, नेहमीप्रमाणे.