आबे फारियांच्या पुतळ्यापाशी

आज संध्याकाळी पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांच्या पुतळ्यापाशी बराच वेळ थांबले. कोसळणाऱ्या स्त्रीवर पसरलेले ते दोन हात पाहून संमोहनाची सारी शक्ती त्यांतच असावी असे वाटते; पण १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूंनी पॅरिसमध्ये नेमके उलट सांगितले, की संमोहन घडते ते समोरच्याच्या मनात, सूचना स्वीकारण्याच्या त्याच्या तयारीमुळे. सकाळी एनएलपीच्या (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे भाषेच्या वापरातून विचार आणि वागणे बदलू पाहणारी पद्धत) कार्यशाळेत हाच धागा हाती लागला होता: १९७०च्या दशकात एनएलपीचे जनक बँडलर आणि ग्राइंडर यांनी मिल्टन एरिक्सन या संमोहनतज्ज्ञाची बोलण्याची पद्धत टिपून तिचे नमुने बांधले. एनएलपीच्या दाव्यांना संशोधनाचा भक्कम आधार नाही, हे स्पष्टपणे सांगायलाच हवे. तरीही ‘श्वास सावकाश होऊ दे’ हे शब्द ऐकताना माझ्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या, आणि त्या मीच सोडल्या होत्या.