परत राजगड

आज परत राजगड. कॉलेजात असताना गुंजवण्यातून चोर दरवाजाने पहिल्यांदा चढलो, तेव्हापासून पाय इकडे वळतातच. बाकीचे किल्ले ‘बघून झाले’ म्हणता येतं, राजगडाबद्दल मला ते कधी जमलंच नाही.

यंदा बालेकिल्ला मुद्दाम सोडला आणि बहुतेक वेळ संजीवनी माचीला दिला. तिथली ती दुहेरी तटबंदी! आतला तट, बाहेरचा तट, मधली अरुंद वाट. बाहेरचा बुरुज पडला तरी आतला लढता राहावा, ही योजना. डोंगराच्या निमुळत्या सोंडेवर साडेतीनशे वर्षांपूर्वी हे बांधणाऱ्यांपुढे दरवेळी हात जोडले जातात. समोर तोरणा आज अगदी स्वच्छ दिसत होता.

परतताना पद्मावती माचीवर सईबाईंच्या समाधीपाशी बसलो. १६५९ मध्ये त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे. पूर्वी नमस्कार करून पुढे निघायचो. घरात लेक आल्यापासून मात्र तिथून लवकर उठवत नाही.

पुढच्या वेळी तिला घेऊन पाली दरवाजाने जाणार. ती वाट रुंद आहे, पायऱ्याही आहेत. लहान मुलांना घेऊन त्या वाटेने कुणी गेलं असेल तर किती वेळ लागला ते नक्की सांगा.