एकविसावा दिवस!

पहाटे खुराड्यापाशी गेले तर खुडूक कोंबडीच्या पोटाखालून बारीक चिवचिव, एकदम भरूनच आलं. पहिल्यांदाच अंडी उबवायला बसवली होती ना. नऊ अंडी ठेवलेली, सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघितली तर दोनांत पिल्लू धरलेलं नव्हतं, ती काढली. आज एका अंड्याला टोचा पडलेला, आत इवलीशी चोच हलतेय, कवच सोलून मदत करावी असं सारखं वाटत होतं पण हात आवरला, आतल्या शिरा सुकल्या नसतील तर रक्त येतं. आणि ही माउली, २१ दिवस रोज जेमतेम एकदा उठायची, दाणापाणी करून लगेच परत! संध्याकाळपर्यंत चार पिल्लं बाहेर, ओलीचिंब होती ती आईच्या पंखाखाली वाळून कापूस झालीत. तीन अंडी बाकी आहेत, परत बघून येते.