घंटा आणि भोंगा

शनिवार, रात्री

आज स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनर्क या जुन्या गिरणीगावाला जाऊन आले. ग्लासगोहून लॅनर्कपर्यंत रेल्वे, पुढे उतारावरून पायी. झाडी संपता संपता खाली क्लाइड नदी दिसली आणि तिच्या काठाला धरून रांगेने उभ्या दगडी इमारती. १७८६ साली डेव्हिड डेल यांनी इथे सूतगिरण्या सुरू केल्या आणि कामगारांसाठी गावही वसवलं. काळ तिसऱ्या जॉर्ज राजाचा, म्हणून ही बांधणी जॉर्जियन. एकसारख्या खिडक्या, सरळ रेषा, नक्षीकाम जवळपास नाहीच. बघताक्षणी मनात एकच शब्द आला, चाळ.

आणि त्या खरंच चाळी आहेत. डोंगराळ हायलँड भागातून पोटासाठी आलेली कुटुंबं इथे एकेका खोलीत राहिली. कामगाराची एक खोली जुन्या रूपात जपली आहे. भिंतीतल्या पलंगाखाली दुसरा, चाकांचा पलंग. रात्री ओढायचा, सकाळी आत ढकलायचा. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. मुंबईत डिलाइल रोडच्या आमच्या खोलीत लोखंडी खाटेखाली आम्हा भावंडांची वळकटी असायची. माणसं कोकणातून आलेली, एवढाच फरक.

एका इमारतीच्या माथ्यावर घंटा आहे. कामगारांना बोलावणारी. आमच्याकडे गिरणीचा भोंगा होता.

१८०० पासून गिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेन यांच्याकडे आला. दहा वर्षांखालच्या मुलांना त्यांनी कामावर घेणं बंद केलं, १८१६ मध्ये मोठी शिक्षणसंस्था उघडली, गावच्या दुकानात चांगला माल रास्त भावात ठेवला. प्रत्येक कामगारापाशी चार रंगांचा एक लाकडी ठोकळा टांगलेला असे. काळा म्हणजे काम वाईट, मग निळा, पिवळा, आणि उत्तम कामाला पांढरा. ओरडणं नाही, मारणं नाही. तरी मला तो ठोकळा आवडला नाही. दिवसभर आपली लायकी चारचौघांत टांगलेली, हे सोसायला आमच्या गिरण्यांतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शिव्यांपेक्षा सोपं असेल असं वाटत नाही.

पण एका गोष्टीने गलबलून आलं. १८०६ च्या सुमारास अमेरिकेने कापसाची निर्यात रोखली आणि गिरणी चार महिने थांबली. यंत्रं पुसून तेलपाणी करून ठेवायची, एवढंच काम. त्या चारही महिन्यांचा पूर्ण पगार ओवेन यांनी दिला. ते वाचताना मला १९८२ चा जानेवारी आठवला. मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. आईचे दागिने गेले, मग भांडी गेली, शेवटी आम्ही गावी गेलो. बाबांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही.

हेही लिहून ठेवते, की इथे येणारा तो कापूस अमेरिकेतल्या आणि वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला होता. इथल्या शाळेचं कौतुक करताना ते हात विसरणं मला जमणार नाही.

ही गिरणी १९६८ मध्ये बंद पडली. इमारती पडायला आल्या होत्या. लोकांनी विश्वस्त संस्था उभी करून एकेक घर दुरुस्त केलं, २००१ मध्ये गाव जागतिक वारसा झालं. सगळ्यात चांगलं म्हणजे त्या घरांत अजून माणसं राहतात. खिडक्यांत कुंड्या आहेत, दाराशी सायकली आहेत. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांच्या चिमण्या पाडून मॉल आणि टॉवर उभे राहिले. एखादी तरी चाळ आणि गिरणीचं एखादं तरी खातं असं राखायला हवं होतं, चालत्या यंत्रांसह. हे मला आज फार तीव्रतेने वाटलं.

तिसऱ्या क्रमांकाच्या गिरणीत जुनं कताईचं यंत्र चालू आहे. आता ते लोकर कातते. गाडा पुढे येतो, मागे जातो, जमीन थरथरते. पूर्वी तुटलेले धागे पोरं त्या गाड्यावर वाकून जोडत, आणि खाली पडलेला कापूस वेचायला गाड्याखाली शिरत.

मघाशी बाबांना त्याचा व्हिडिओ पाठवला आणि व्हिडिओ कॉल केला. एकोणतीस वर्षं रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात, धागे जोडलेला माणूस. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग विचारलं, "तुटला तर सांधतं कोण?"

मी पोरांबद्दल सांगितलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पडद्यावर त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता.