फिलिप्पैच्या वाटेवर

ग्रीसमधलं कवाला म्हणजे बायबलातल्या प्रेषित पौलाचं नियापुलि; त्याच्या वाटेने आमची तीर्थयात्रा इथून पायी निघणार होती. समुद्रापलीकडच्या त्रोवसात रात्री त्याला ‘इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर’ म्हणणाऱ्या मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला आणि तो समुद्र ओलांडून इथं उतरला. बंदराजवळ मोझेकमध्ये ते चित्र आहे. प्रार्थना झाली, फोटो झाले, निघालो.

फिलिप्पै जेमतेम 15 किलोमीटर. पण चढ आहे, आणि मध्येच जुन्या रोमी रस्त्याची फरसबंदी लागते, मोठमोठे ओबडधोबड दगड. पौलाचा सोबती सीला, त्याच्या नावाच्या मठाशी थांबावंसं वाटत होतं, तर आमच्या गटाला नेणाऱ्या ब्रदरना घाई. ते सारखं घड्याळ बघत होते आणि थांबेल त्याला ‘पौल थांबला होता का?’ असं विचारत होते. मला राग आला. भजन चालू होतं, मी गप्प राहिले.

उताराला टाच सोलली. बूट काढला तर मोजा रक्ताने चिकटलेला. बाकीचे पुढे गेले होते. दुपारचं ऊन, गावाकडचा रस्ता, आणि मी एका फाटकाशी बसून रडत होते. दुखण्यापेक्षा रागानेच जास्त. पिशवीत माझी साक्ष, म्हणजे माझ्या विश्वासाचा अनुभव, लिहून आणलेली होती, ग्रीकमध्ये भाषांतर करून घेतलेली. वाटेत भेटेल त्याला द्यायची असं ठरवून महिनाभर तयारी केली होती.

फाटक उघडलं. काळं लुगडंवजा काहीतरी नेसलेली म्हातारी. तिने माझ्या पायाकडे पाहिलं, आत गेली, पाण्याचं तसराळं घेऊन आली आणि जमिनीवर बसली. मी पाय मागे घेतला. तिने घोटा धरून तो पुढे ओढला. सावकाश मोजा भिजवून सोडवला, जखम धुतली, स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली. सगळा वेळ काहीतरी बोलत होती, आपली आजी पोराला रागावते ना, त्या सुरात. मग स्वतःवर क्रुसाची खूण केली. मला ग्रीकमधला एकच शब्द येत होता, ‘एफखारिस्तो’, धन्यवाद. तो मी चार वेळा म्हटला.

याच फिलिप्पैत फटके मारून कैदेत टाकलेल्या पौल-सीलाच्या जखमा बंदिशाळेच्या नायकाने रात्रीच्या त्याच घटकेस धुतल्या, मग त्याचा बाप्तिस्मा झाला. हे वचन मी रविवारच्या शाळेत किती वर्षं शिकवलं! धुतलं कसं असेल, हे कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं.

पौलाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्या लुदियाच्या बाप्तिस्म्याची म्हणतात ती नदी संध्याकाळी पाहिली. पुढच्या वाटेवरचा अंफिपुलिचा प्राचीन दगडी सिंह कोणत्या दिवशी मागे पडला आठवत नाही.

थेस्सलनीकात शेवटच्या उपासनेत साक्षीची माझी पाळी आली. कागद पिशवीतच ठेवला, म्हातारीचं सांगितलं. ब्रदरांचे डोळे भरले. त्यांनी हळूच विचारलं, ‘‘नाव काय त्यांचं?’’

मी विचारलंच नव्हतं.