लेबलावर जागा उरली नाही

शनिवार. दिवसभर रिपरिप.

बुरशी धरायच्या आत जुने नमुने कपाटातून काढून पंख्याखाली पसरले. १९९८च्या श्रावणात मालवणला ओहोटीच्या कातळावरून खरवडून आणलेलं शैवाल अजून कागदाला घट्ट आहे. डिंक लावलाच नव्हता. परातीतल्या पाण्यात ते पसरून खालून अलगद कागद उचलला, की वाळताना आपल्याच बुळबुळीनं चिकटतं. जांभळट-तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. या पात्यांची जाडी एक-दोन पेशींचीच.

लेबल मात्र बघवत नाही. पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस, कुल बँगिएसी. त्यावर काट, पायरोपिया. पुन्हा काट, फायकोकॅलिडिया. अक्षर सगळं माझंच.

भाची म्हणाली, "आत्या, पान तेच आहे ना?"

तेच. पण पातळ, जांभळं, पानासारखं दिसलं की पॉर्फिरा म्हणायचं, म्हणजे आडनाव सारखं म्हणून परक्यांना एकाच रेशनकार्डावर घातल्यासारखं होतं. २०११मध्ये जनुकं ताडून पाहिली आणि पानासारख्या मंडळींच्या आठ प्रजाती (म्हणजे जातींचे गट) झाल्या. २०२०मध्ये पायरोपियाही फुटली. आमच्या वाट्याला कॅलिडिया हे नाव आलं, तर ते आधीच दुसऱ्या कुणाचं निघालं. त्याच वर्षी पुन्हा बारसं! सुशी ज्यात गुंडाळतात ते शैवाल, नोरी, तेसुद्धा आता निओपायरोपिया. खाणाऱ्याला काय त्याचं.

या कुलात उलटंही घडलंय, आणि मला तीच गोष्ट जास्त आवडते. शिंपल्याच्या कवचात शिरून वाढणारे गुलाबी धागे कॉन्कोसेलिस नावाचं वेगळंच शैवाल समजले जात. मँचेस्टरच्या शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९मध्ये दाखवून दिलं, की ते पॉर्फिराचंच दुसरं रूप. बाईंची पगारी नोकरी लग्न केल्यामुळे गेली होती, तरी काम चालूच. नोरीचं बी येतं कुठून, हे जपानी शेतकऱ्यांना तोवर कळत नव्हतं. मग ते शिंपल्यांवरच रुजवू लागले. जपानातल्या उतो गावी १९६३मध्ये बाईंचं स्मारक उभारलं.

एवढं ऐकून भाचीनं खिडकीतले मालवणचे शिंपले उचलले आणि भिंगाखाली गुलाबी डाग शोधत बसली. एकही सापडला नाही. शैवालाचा तुटलेला कोपरा मी बशीत भिजत टाकला. थोड्या वेळानं तो फुगून पुन्हा लवचीक झाला, बोटावरून निसटला.

पुढचं नाव आलं तर कागदाच्या पाठीवर लिहावं लागणार.